ट्रॅक्टरच्या नाकावरचा फ्लेक्स

ट्रॅक्टरचं नाक ही काय फ्लेक्स बांधायची जागा आहे? हा प्रश्न मी आमच्या आळीतल्या एकूण एक शहाण्याला विचारून झालाय, आणि प्रत्येकाने 'ताई उगाच चिडते' अशा नजरेने माझ्याकडे बघितलंय. चिडतेच मी. ट्रॅक्टरच्या पुढच्या जाळीमागे रेडिएटर असतो. इंजिनात तापलेलं पाणी त्यात येतं, समोरून ओढलेल्या वाऱ्याने निवतं आणि परत इंजिनात जातं. त्या जाळीवरच जाडजूड फ्लेक्स ताणून बांधला तर वारा येणार कुठून? यात न समजण्यासारखं काय आहे, ते मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

ट्रॅक्टर माझ्या बाबांचा. बोनकोड्यात आमची भातशेती होती तेव्हाचा, माझ्यापेक्षा वयाने मोठा. शेती नवी मुंबईत गेली, तिच्या जागी सेक्टर आले, तेव्हा त्या सेक्टरांच्या विटा आणि रेती याच ट्रॅक्टरने वाहिली. मग डंपर आले आणि तेही काम गेलं. आता त्याला वर्षातून एकच काम उरलंय. गौरी-गणपतीच्या विसर्जनाला आमच्या आळीतले सगळे घरचे गणपती एकाच ट्रॉलीतून तलावावर जातात. ट्रॉलीत पेंढा पसरायचा, त्यावर पाट मांडायचे, प्रत्येक घराने आपला गणपती आणून ठेवायचा. ट्रॉली ओढायची ती आळीतल्याच कोणाच्या तरी गाडीने, भाड्याच्या नाही, असा आमच्याकडचा रिवाज. चालवणार बाबा. त्या दिवशी ते पांढरा सदरा आणि टोपी घालतात आणि सकाळपासून कोणाशी धड बोलत नाहीत. लग्नाच्या नवरदेवालासुद्धा इतकं दडपण येत नसेल.

मागच्या वर्षी ट्रॅक्टर वाटेत उकळला. बँजो जोरात होता, पोरं नाचत होती, ट्रॅक्टर मुंगीच्या पावलाने चालला होता आणि अचानक बॉनेटखालून वाफेचा लोट आला. बायका किंचाळल्या, बँजो थांबला. बाबा खाली उतरले आणि लाजेपायी घाई करून त्यांनी गरम रेडिएटरचं झाकण ओल्या गोणपाटाने फिरवलं. उकळतं पाणी उसळून मनगटावर आलं. पुढचा रस्ता ट्रॉली ओढली ती आळीच्या मंडळाच्या अध्यक्षाने, आपल्या नव्याकोऱ्या पिकअपने. हा अध्यक्ष माझ्यापेक्षा बराच लहान, समोरच्याच घरातला, माझ्या डोळ्यांदेखत चड्डीतून पँटमध्ये आलेला. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "काकांची आनि ट्रॅक्टरची, दोगांची वाफ एकदमच निघाली." लोक हसले. बाबाही हसले, भाजलेला हात दुसऱ्या हाताने धरून. त्या हसण्याचा मला जितका संताप आला तितका अध्यक्षाच्या बोलण्याचाही आला नाही.

नंतर मंडळाची बैठक झाली आणि यापुढे पिकअप लावायचा असं ठरत आलं. पिकअप आळीतलाच, त्यामुळे रिवाजाची अडचण नव्हती. बाबा तिथे कोपऱ्यात बसले होते. त्यांनी एवढंच सांगितलं, "आजून एक वरीस द्या. औंदा तापला तर मीच भंगारवाल्याला बोलवतंव." अध्यक्ष मोठ्या मनाने हो म्हणाला. घरी येऊन बाबा मला म्हणाले, "बाय, तापला तर खरंच द्यायचा. शब्द दिलाय." त्यांचा शब्द म्हणजे काय ते मला माहीत आहे. दिलेला शब्द मोडायला ते काही मंडळाचे अध्यक्ष नव्हेत.

मी मार्केटजवळच्या एका शीतगृहात सुपरवायझर आहे. दिवसभर माझ्यासमोर तापमानाचे काटे असतात. काटा चढला की कारण शोधायचं, नशिबाला बोल लावायचा नाही, ही माझी सवय. तेव्हा मी आधी कोणीतरी मोबाइलवर काढलेला मागच्या वर्षीचा व्हिडिओ मागवला. सगळे नाचणाऱ्यांकडे बघतात, मी ट्रॅक्टरकडे बघितलं. या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत फ्लेक्स! वर कोण्या पुढाऱ्याचे जोडलेले हात, खाली शुभेच्छुकांची रांग आणि त्यावर झेंडूच्या माळा. जाळीचा एक इंचही उघडा नव्हता. मी पुन्हा पुन्हा बघितलं. दरवेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी व्हिडिओ घेऊन अध्यक्षाकडे गेले. तो चहा पीत होता. त्याने बघितलं आणि म्हणाला, "ताई, फ्लेक्सनी कदी इंजिन गरम होतं का? टेन्शन नको घेऊ. मॉडेल जुना झाला, आनि काय." मी म्हटलं, "तुझ्या पिकअपच्या नाकावर बांध आणि जा पनवेलपर्यंत." त्यावर त्याच्या दोस्तांपैकी एकजण हसला, "ताई लयच तापलीय, हिलाच कूलंट टाका." मी घरी आले आणि ठरवलं, या लोकांना बोट दाखवायला म्हणून एकही जागा शिल्लक ठेवायची नाही. फ्लेक्सचं आहेच, पण ट्रॅक्टरही असा करायचा की कोणी जुना म्हणायची हिंमत करणार नाही.

खरं सांगायचं तर ट्रॅक्टरची तब्येत बरी नव्हतीच. खालचा नळ सोडला तर आधी काहीच येईना. तार घालून खुपसलं तेव्हा तांबड्या गंजाचा चिखल बाहेर आला. बाबांनी आयुष्यभर रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतलं. आमच्या खाडीकाठच्या बोअरला मचूळ पाणी, घरातल्या गिझरवर त्याचा पांढरा थर चढतो तर रेडिएटरच्या बारीक नळ्यांचं काय होत असेल? वरचा होजपाइप दाबला तर कडकड आवाज झाला. पंख्याचा पट्टा इतका सैल की बोटाने पार वाकत होता. पंख्याभोवती जे पत्र्याचं कडं हवं ते कुठल्या तरी काळात काढून फेकलेलं. त्याशिवाय पंखा समोरची हवा ओढण्याऐवजी बाजूचीच हवा घुसळत बसतो. आणि थर्मोस्टॅटच्या जागी नुसतं भोक. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम झालं की पाण्याला वाट देणारी छोटी झडप. कोण्या मेकॅनिकने "हाच सगळा प्रॉब्लेम" म्हणून ती काढली होती आणि बाबांनी त्याचे आभारही मानले होते.

रेडिएटर सोडवून मी तो रिक्षात घालून तुर्भ्याला दुरुस्तीवाल्याकडे नेला. साताऱ्याकडचा माणूस, कामाला हात चांगला. पण पहिला प्रश्न काय, तर "घरात कोणी माणूस न्हाई का?" मी म्हटलं, "मी काय बकरी आहे?" तो ओशाळला, पण सवय जाईना. नळ्या किती बंद आहेत ते मला सांगायचं सोडून तो माझ्याबरोबर आलेल्या रिक्षावाल्याला सांगायला लागला. रिक्षावाला बिचारा मान हलवत होता. शेवटी मी दोघांच्या मधे उभी राहिले. आतल्या नळ्या निम्म्याहून जास्त बंद होत्या, त्यामुळे गाभाच बदलायचा ठरला. मी एक रांग जादा नळ्या असलेला जाड गाभा बसवायला सांगितलं. "ट्रॅक्टरला कशाला एवढं," तो म्हणाला. मी म्हटलं, "शेतात नाही चालवायचा. माणसांच्या पावलाने चालवायचा आहे, नाचणाऱ्यांच्या मागे." इंजिनाचे फेरे कमी म्हणजे पंख्याचेही कमी. मिरवणूक हे ट्रॅक्टरचं सर्वांत कठीण काम असतं, हे कोणाला पटत नाही.

मग रविवारमागून रविवार मी अंगणात बसून एकेक वस्तू लावत गेले. जुन्या ट्रॅक्टरचा थर्मोस्टॅट मिळेना, म्हणून दुसऱ्या एका गाडीचा, मापाला बसणारा शोधला. आधी पातेल्यात पाणी तापवून त्यात तो टाकला आणि उघडतो की नाही ते बघितलं. बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बघत होते. "चहा कंच्या भांड्यात करू मंग?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मला किती दिवसांनी हसू आलं. नवा होजपाइप, नव्या क्लिपा, नवा पट्टा, वॉटर पंपाचं नवं पॅकिंग, नवं झाकण. फॅब्रिकेशनवाल्याकडून पंख्याभोवती पत्र्याचं कडं करून घेतलं. रेडिएटरमध्ये पाण्याऐवजी ओतायचा कूलंट मात्र बाबांना अजिबात आवडला नाही. तो हिरवा रंग बघून ते म्हणाले, "पानी काय वाईट हाय? सगली दुनिया पानी पिते." मी म्हटलं, "दुनियेला गंज चढत नाही, बाबा." शेवटी स्टीअरिंगपाशी तापमानाचा काटा लावला. हिरवा पट्टा, त्यापुढे पिवळा, त्यापुढे लाल. बाबांनी त्या काट्याच्या तबकडीवरून अंगठा फिरवला.

गणपतीच्या आधी आम्ही चाचणी घेतली. ट्रॉलीत रेतीच्या गोण्या टाकल्या आणि भर दुपारी सेक्टरच्या रस्त्याने अगदी रांगत, थांबत, पुन्हा रांगत फिरवला. मी शेजारी मडगार्डवर. सोसायट्यांचे वॉचमन बघत होते, एका बाईने धुराची तक्रार केली, ती मी ऐकून सोडून दिली. काटा हिरव्यातून हलला नाही. बाबा गाणं गुणगुणत होते. अध्यक्षाला मी ते सगळं जाऊन सांगितलं आणि एकच अट घातली की नाकावर काहीही बांधायचं नाही. माळ नाही, फ्लेक्स नाही, दृष्ट लागू नये म्हणून लिंबूसुद्धा नाही. सगळं ट्रॉलीवर बांधा. तो म्हणाला, "प्रॉमिस, ताई. आपला शब्द."

विसर्जनाच्या दिवशी मी आमच्या गौरीची पाठवणी आटपून खाली आले तर ट्रॅक्टरच्या नाकावर फ्लेक्स. या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी करकचून आवळलेला. मी पट्ट्या तोडायला पुढे झाले आणि थांबले. फ्लेक्सवर बाबांचा फोटो होता. पांढऱ्या टोपीतला, हसरा, मोठ्ठा. वर लिहिलं होतं, 'आमच्या आळीची शान, बाप्पाचे सारथी'. खाली दोन ओळींत गोल गोल चौकटींतले शुभेच्छुक, पहिला अध्यक्ष, गॉगल घालून.

अध्यक्ष पुढे आला. "ताई, सरप्राइज! लास्ट इयर मी काकांना बोललो ना, मनात राहिलं होतं. आता पब्लिकमदे मान दिला." तो मनापासून बोलत होता, हेच तर माझं दुर्दैव. मी म्हटलं, "काढ." तो म्हणाला, "काकांनाच विचार."

बाबा फ्लेक्ससमोर उभे होते. चष्मा कपाळावर सरकवून, परत डोळ्यांवर घेऊन ते स्वतःचा फोटो बघत होते. आमच्या गावात फ्लेक्सवर कोण नसतं? ज्याचा वाढदिवस तो असतो, ज्याने नवी गाडी घेतली तो असतो, बारशाच्या पोरापासून सगळे असतात. बाबा कधीच नव्हते. ज्यांच्या शेतावर हा अख्खा सेक्टर उभा आहे त्यांचा फोटो या सेक्टरात पहिल्यांदा लागला, तोही रेडिएटरवर. मी म्हटलं, "बाबा, ट्रॉलीला बांधू या." ते हळूच म्हणाले, "मागं कोन बघतो गो. राहू दे ना, बाय. पोरांनी प्रेमानं केलंय." मला काय वाटलं ते कसं सांगू? मी ट्रॅक्टरवर चढून काट्यापाशी बसले.

गणपती ट्रॉलीत आले, बँजो सुरू झाला. आळीतून बाहेर पडेपर्यंत काटा हिरव्यात होता. मुख्य रस्त्याला लागलो, नाचणाऱ्यांचा घोळका वाढला, आणि काटा पिवळ्यात शिरला. नवा गाभा, नवं कडं, सगळं आपापलं काम करत होतं, पण वाराच मिळत नव्हता, त्याला ती बिचारी काय करणार! मी बाबांना काटा दाखवला. त्यांनी बघितला. "नाक्यापर्यंत जाव दे," ते म्हणाले. नाक्यावर बिल्डिंगींतले लोक गॅलऱ्यांत उभे राहून मिरवणूक बघतात. त्यांना दिसायला हवा होता फोटो. मागे अध्यक्षाचा पिकअप मोकळाच येत होता, दोरखंड तयार ठेवून. म्हणजे मान दिला आणि दोरखंडही आणला!

नाक्यावर काटा पिवळ्याच्या टोकाला गेला. मी उडी मारून खाली उतरले. प्रसादाच्या परडीतून काकडी कापायची सुरी घेतली आणि फ्लेक्ससमोर जाऊन उभी राहिले. बाबांचा फोटो वर होता, त्याला मी हात लावणार नव्हते. खालचा पहिला शुभेच्छुक, गॉगलवाला, गोल कापून काढला. शेजारचा काढला. त्याच्या शेजारचा. बँजोवाले बघत राहिले, वाजवायचे थांबले. आळीतल्या एका म्हाताऱ्या काकूने पदर तोंडाला लावला आणि तिचं हसू फुटलं, मग सगळ्याच बायका हसायला लागल्या. अध्यक्ष धावत आला, "ताई, काय करते! फोटो हाय तो!" मी त्याचाच चेहरा त्याच्या हातात ठेवला आणि म्हटलं, "धर. स्वतःला वारा घाल." दोन्ही ओळी कापून झाल्या तेव्हा फ्लेक्सच्या खालच्या अर्ध्याची चाळण झाली होती. पंख्याने त्या भोकांतून हवा ओढली, ती माझ्या हाताला जाणवली. काटा थांबला, मग थोडा उतरला. बाबा सीटवरून माझ्याकडे बघत होते. हसत नव्हते, पण रागावलेही नव्हते.

एवढ्यावर निभावलं असतं. पण तलावाच्या अलीकडे चढ आहे, आणि त्या चढावर इतर आळ्यांच्या गाड्यांची रांग लागली होती. एक हात पुढे सरकायचं आणि थांबायचं. ऊन सरळ बॉनेटवर. काटा परत चढायला लागला आणि बघता बघता लाल पट्ट्याला टेकला. झाकणाच्या कडेने बारीक शीळ वाजायला लागली. इंजिन बंद केलं तर तापलेलं इंजिन परत चालू होईल याची खात्री नव्हती, आणि चढावर ट्रॉलीत आळीचे सगळे गणपती. अध्यक्षाने मागे वळून पिकअपला हाताने खूण केली, ये म्हणून. मी तेव्हा देवाला नाही, त्या फ्लेक्सला शिव्या दिल्या. इतक्या जवळ येऊन! सगळं धड असलेला ट्रॅक्टर, केवळ तोंड दाबल्यामुळे मरायला टेकलेला, आणि उद्या सगळे म्हणणार, जुनाच होता.

बाबांनी ब्रेक ओढला, न्यूट्रल केलं आणि खाली उतरले. माझ्यासमोर हात धरला. "सुरी दे."

"कशाला?" मी विचारलं, कळत असून.

"दे म्हंतो ना."

ते पुढे गेले. सगळी मिरवणूक बघत होती. त्यांनी आपल्या फोटोकडे क्षणभर बघितलं आणि दिव्याला आवळलेल्या पट्ट्या कापायला सुरुवात केली. प्लॅस्टिक जाड होतं आणि भाजल्यापासून त्यांचं ते मनगट नीट वळत नाही, त्यामुळे वेळ लागत होता. मी पुढे झाले तर त्यांनी कोपराने मला बाजूला सारलं. आपल्या बापाला भर रस्त्यात स्वतःचा मान स्वतःच्या हाताने उतरवून ठेवताना बघायची वेळ कोणावर येऊ नये. आयुष्यभर त्यांना कोणी काही दिलं नाही, आणि दिलं ते असं, की काम करायचं तर ते टाकून द्यावं लागावं. मी रडत होते. रागाने रडत होते, आणि अध्यक्षाकडे बघून रडत होते, त्याला दिसावं म्हणून.

शेवटची पट्टी तुटली. फ्लेक्स खाली लोंबला, जाळी उघडी झाली आणि पंख्याचा आवाज एकदम मोकळा झाला. थोड्या वेळात झाकणाची शीळही थांबली. बाबांनी फ्लेक्सची घडी घातली, चेहरा आत, मग अजून एक घडी. वर चढून ती लोखंडी सीटवर ठेवली, सीट उन्हाने चटका बसण्याइतकी तापली होती. अध्यक्ष खालून कळवळून म्हणाला, "काका, फोटो तरी ठेवा नीट. घरात लावा."

बाबा त्या घडीवर बसले, टोपी सरळ केली. "बसायला बरा हाय," ते म्हणाले, आणि त्यांनी पहिला गिअर टाकला.